विहीर कुठल्या रकान्यात?

गेल्या महिन्यात एका संस्थेचं काम आलं. आठवीच्या मुलांसाठी हिंदीत कृतिपुस्तिका तयार होती, तिचं मराठी करून द्यायचं. चाळीस पानं, दहा दिवस, आणि पैशांचं नेहमीचं 'ताई, ते बघू आपण'. बावीस वर्षं मी हेच करते आहे. खताच्या गोणीवरच्या सूचना, विम्याच्या अटी, मिक्सरसोबत येणारं आणि कुणीच न वाचणारं चोपडं, सगळं मराठीत आणून झालंय. आठवीची पुस्तिका म्हणजे दोन रविवार, असा हिशेब करून बसले आणि पहिल्याच पाठाच्या मथळ्याला गाडी अडली.

मथळा होता, 'सभ्यता और संस्कृति'.

हिंदीचं बरं आहे. दोन शब्द, दोन डबे. सिंधूकाठची शहरं पहिल्या डब्यात, सणवार-गाणी दुसऱ्यात. आपण मराठीत शाळेपासून 'सिंधू संस्कृती' म्हणत आलो, 'हडप्पा संस्कृती' म्हणत आलो, आणि त्याच तोंडाने 'मोठ्यांसमोर पाय पसरून बसणं आपल्या संस्कृतीत बसत नाही' असंही म्हणतो. सभ्यता हा शब्द आपल्याकडे नाही असं नाही. पण तो एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा देणाऱ्यासाठी राखून ठेवलाय. 'सिंधू सभ्यता' लिहिलं की मला मोहेंजोदडोची माणसं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत हौदाच्या पायऱ्या उतरताना दिसतात.

पाठाच्या शेवटी एक तक्ता होता. दोन रकाने, सभ्यता आणि संस्कृती, आणि खाली दिलेले शब्द योग्य रकान्यात लिहा: भाजलेली वीट, लोकगीत, झाकलेलं गटार, सण, वजनं-मापं, विहीर. मागच्या पानावर उत्तरं. वीट, गटार, वजनं, विहीर हे सगळं सभ्यतेत. गाणं आणि सण संस्कृतीत. आठवीच्या पोराला दोन मिनिटांचं काम. मी त्यावर तीन दिवस घालवले.

पहिला दिवस 'संस्कृती' या शब्दामागे गेला. गंमत अशी की हा शब्द या अर्थाने बंगालीत रुजला तो मराठीकडून. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी १९२२ साली पॅरिसमध्ये होते. तिथे एका मराठी मित्राकडून त्यांना कळलं की 'कल्चर'ला मराठीत संस्कृती म्हणतात. बंगालीत तेव्हा त्यासाठी 'कृष्टि' चालायचा. कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी हे रवींद्रनाथांच्या कानावर घातलं, आणि रवींद्रनाथ खूश झाले, कारण त्यांना 'कृष्टि' मुळीच आवडत नव्हता. कृष् म्हणजे नांगरणं. त्या शब्दाला ढेकळांचा वास येतो, आणि मनाच्या मशागतीला तो बरा दिसत नाही, असं काहीसं असावं.

मी शेतकऱ्याची पोर. मला हे जरा लागलं. बरं, ज्या 'कल्चर'साठी ही शोधाशोध चालली होती, त्याचं लॅटिन मूळही मशागतीचंच आहे. आणि त्याच १९२२ साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनाशेजारी, सुरूल गावात, शेती आणि गावसुधारणेसाठी श्रीनिकेतनचं काम सुरू केलं होतं. पोराला, रथींद्रनाथला, शेतीच शिकायला अमेरिकेत इलिनॉयला धाडलं होतं. म्हणजे नांगराशी वैर नव्हतं. शब्द तेवढा नको होता.

तर संस्कृती आपली. पण ती आपल्या घरात कुणी बोलतं का? मी आठवून पाहिलं. माझ्या आजीच्या तोंडून हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. आजीचा शब्द होता 'वळण'. 'त्या घराला वळण नाही.' 'पोरीला वळण लावा गं.' 'आमच्याकडचं वळणच तसं आहे.' कुणाकडे ताट कसं वाढतात, पाहुण्याला आधी पाणी देतात की आधी बसायला टाकतात, मयताहून आल्यावर चुलीशी जातात की नाही, हे सगळं वळणात यायचं. आणि दुसरा शब्द होता 'सुधारणा'. 'गाव सुधारलं बाई आता' म्हणजे डांबरी आली, खांबावर दिवे आले, दवाखाना आला. 'सुधारलेली माणसं' म्हणजे टेबलावर जेवणारी.

मग लक्षात आलं की हा काही आजीचा खेडवळपणा नव्हता. एकोणिसाव्या शतकातले शिकलेसवरलेले मराठी लोकही हेच म्हणायचे, 'सुधारलेली राष्ट्रे'. आगरकरांनी १८८८ मध्ये पत्र काढलं त्याचं नाव 'सुधारक'. शेजारी गुजरातीत गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये पाश्चात्त्य सिव्हिलायझेशनवर तोफ डागली तेव्हा शब्द वापरला 'सुधारो'. म्हणजे सभ्यता-संस्कृती ही जोडी आपल्याला परकी वाटत असली तरी तो फरक आपल्या बोलण्यात होता. वळण आणि सुधारणा. पुस्तकात शिरायला त्यांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिटला आणि बसने डेक्कन कॉलेज गाठलं. तिथलं पुरातत्त्वाचं संग्रहालय मला आवडतं. गर्दी नसते. आणि आमच्याकडची भांडी तिथे मानाने ठेवलेली असतात.

आमच्याकडची म्हणजे जोर्व्याची. माझं माहेर संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याखालचं. जोर्वे तिथून लांब नाही. लहानपणी जोर्वे म्हणजे माझ्या एका मावससासूचं... नाही, ते नंतर. लहानपणी जोर्वे म्हणजे नुसतं एक गाव होतं. कॉलेजात गेल्यावर कळलं की १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि त्या गावाच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. तिथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, एक बांगडी मिळाली, आणि खापरं. लाल अंगाची, काळ्या रंगाने रेघोट्या काढलेली, चाकावर घडवलेली, इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. आई बाजारात माठ घेताना मारायची तशी टिचकी. पोटात फुगलेलं, लांब तोटीचं एक भांडं तर त्या लोकांचं ठेवणीतलं. असं तोटीचं भांडं आणि असा कडेवर मोड असलेला वाडगा जिथे सापडेल तिथे पुरातत्त्ववाले म्हणतात, ही जोर्वे संस्कृती. त्यांच्या लेखी संस्कृती म्हणजे हाताची सवय. गाणी मातीत टिकत नाहीत. तोटी कशी काढायची ही सवय टिकते. आजीच्या भाषेत, कुंभाराच्या हाताचं वळण.

शहरं नाहीत, लिपी नाही, म्हणून जोर्वेला कुणी 'सिव्हिलायझेशन' म्हणत नाही. मात्र प्रवरेनेच खाली गेलं की श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद लागतं, आणि तिथे या हिशेबाला जरा गाठ बसते. १९७४ साली तिथे झाडाची मुळं खणताना एका भिल्ल माणसाला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या, सगळ्या मिळून साठ किलोंच्या वर. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, हाकणाऱ्यासकट. त्यांच्या काळावरून विद्वानांत वाद आहेत. पण त्याच पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सिंधू लिपीच्या खुणांचे मातीचे शिक्केही निघालेत. म्हणजे तिकडच्या सुधारणेची एक शेपटी आमच्या नदीपर्यंत पोचली होती.

मी मात्र संग्रहालयात जाते ती इनामगावसाठी. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने ते खणलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला वसलेलं, ७०० च्या सुमाराला उठलेलं गाव. चौकोनी घरं, गहू-जव, आणि नदीच्या पुराचं पाणी वळवून घ्यायला पाट. पाट! तीन हजार वर्षांपूर्वी. पाट एकट्याने होत नाही. कुणी तरी ठरवावं लागतं, कुणाची तरी जमीन त्यात जाते, गाळ काढायला माणसं लावावी लागतात, आणि कुणाला आधी पाणी यावरून भांडण झालं की मिटवायला कुणी तरी लागतो. पाट दिसला की समजावं, इथे नात्यागोत्याबाहेरच्या माणसाशी करार आहे.

आणि त्याच घरांत जमिनीखाली लहान मुलं पुरलेली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली, उठून कुठे जाऊ नयेत म्हणून असावं. रांजणांपुढे मी दरवेळी अंमळ जास्त थांबते. माझंही एक बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे असेल. घराबाहेर नाही, घराखाली. आईच्या पायाखाली.

इसवी सनापूर्वी १००० नंतर तिथे पाऊसपाणी हटलं. शेती खालावली, चौकोनी घरं गेली, बारक्या गोल झोपड्या आल्या, शिकारीवर भिस्त वाढली. सुधारणा ओसरली म्हणा. पण रांजण राहिले. गोल झोपडीच्या जमिनीखालीही मूल तसंच, दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून. संग्रहालयातल्या बाकड्यावर बसून मी वहीत लिहिलं: करार गाळाने भरतो, वळण हातातून हातात जातं. वाक्य बरं जमलं म्हणून खूश झाले. बस येईपर्यंत.

बसमध्ये पाटकरी आठवला.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या दोन्ही अंगांना कालव्याचं पाणी फिरलं. माझ्या लहानपणी आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटलं की गावात सणासारखी धांदल. पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म भरलेला, पाळीपत्रकात वेळ ठरलेली, आणि वेळ नेहमी रात्री दोनची. वडील खांद्यावर फावडं टाकून दारं धरायला निघायचे आणि मी हट्टाने बॅटरी घेऊन मागे. सरीत पाणी चढत येताना आवाज येत नाही, वास येतो. सरी भरली की वडील ढेकळं ओढून ते दार बंद करायचे आणि फावड्याने दुसरं मोडायचे. पाणी क्षणभर थबकायचं आणि वळायचं. चारीवर वेळ बघायला पाटकरी असायचा. सरकारी माणूस. त्याच्या घड्याळावर आमचा ऊस. माझे वडील, जे स्वतःच्या साडूलाही एकेरीत बोलवायचे, ते त्याला 'अहो पाटकरी, या की, चहा घेऊन जा' म्हणायचे.

तो यायचा. ओट्याखाली बसायचा. ओट्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असायचा, तो स्वतःच काढायचा. आई वरून चहा ओतायची. पिऊन झालं की तो पुढे हात करायचा, मी तांब्याने वरून पाणी सोडायचे, तो कप विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. धार बारीक सोडायची, हातावर शिंतोडा उडू द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. म्हणजे वळण लागलेलं होतं.

आमचं पाणी बंद करायचा अधिकार त्याला होता. आमच्या तांब्याला हात लावायचा नव्हता.

एकदा तो कप फुटला. आईने आतल्या फळीवरच्या स्टीलच्या पेल्यातून चहा दिला. आजी काही बोलली नाही. तो गेल्यावर तिने चिमट्यात पेला धरला आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवला. पुढच्या आवर्तनाला आईने पुन्हा आतलाच पेला दिला. आजीने पुन्हा चिमटा घेतला. दोघींत यावरून एक शब्द झाला नाही. जळून जळून तो पेला निळसर पडला, वर तेल सांडल्यासारखी झाक. तीन आवर्तनं हे चाललं. चौथ्या वेळी पेला संध्याकाळपर्यंत मोरीत पडून राहिला आणि मग बाकीच्या भांड्यांबरोबर घासला गेला. आजीचं मन वळलं, की खाली बसून चूल फुंकायला तिचे गुडघे राहिले नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही.

तर 'वळण हातातून हातात जातं' हे मी इतक्या कौतुकाने लिहिलं होतं. जातं खरं. तांब्याच्या धारेतूनही जातं.

तिसरा दिवस महाडवर गेला, आणि तो पाठाबाहेरचा होता. पण विहीर हा शब्द मला सोडेना. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला की सरकारी पैशाचे पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सुधारणा पुरी झाली. तळ्यावर मात्र एकही माणूस जाऊ शकला नाही, कारण तळ्याच्या चारी अंगांना वळण राहत होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग मारहाण झाली, आणि गावातल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं, दूध-दही-शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून. शेणमुताने पाणी शुद्ध, माणसाच्या ओंजळीने बाटलेलं. त्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लोकांच्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये. ओंजळीपासून दहा वर्षं.

एकशे आठ घागरी आणि आजीचा चिमटा यांत मला फक्त मापाचा फरक दिसतो.

बाकी 'सभ्य' शब्दाची फोड संस्कृतात सोपी आहे: सभेत बसण्याजोगा. सभेत कुणाला बसू द्यायचं, हे शब्द सांगत नाही.

हे जुनं झालं असं म्हणावं तर आमच्या सोसायटीत या. अकरा मजले, दोन लिफ्ट, सांडपाण्याचा स्वतःचा प्रकल्प. हडप्पावाल्यांनीही मान डोलवावी असं काम आहे. आणि दुसऱ्या लिफ्टच्या दाराशी लॅमिनेट करून लावलंय, 'कामवाल्या बायका, डिलिव्हरी व कचरा यांनी हीच लिफ्ट वापरावी'. 'यांनी' बघा. अनुवादाचा धंदा असल्यामुळे मला कचऱ्याला लावलेलं सर्वनामही खटकतं. सभेत मी विषय काढला तेव्हा अध्यक्ष फार सौम्यपणे म्हणाले, 'मॅडम, कुणाला कमी लेखायचं नाहीये, आपल्याकडे तशी पद्धत पडलीये.' ती सूचना अजून आहे. एक कोपरा मी नखाने उचकटला होता, कुणी तरी तो सेलोटेपने नीट चिकटवलाय.

चौथ्या दिवशी मी निमूट कामाला लागले. मथळा केला 'वळण आणि सुधारणा'. दोन रकाने त्याच नावांचे. वर समजावणाऱ्या चार ओळी मूळच्या नव्हत्या, त्या घातल्या. गटार, वीट, वजनं सुधारणेत टाकली. वजनांपाशी एक टीपही दिली, की सिंधूकाठच्या शहरांतलं वजन साधारण १३.६ ग्रॅमच्या पटीत असायचं आणि ते लांबलांबच्या शहरांत तेच होतं, म्हणजे ओळख नसलेल्या वाण्याकडेही फसवणूक होणार नाही अशी सोय. गाणं आणि सण वळणात. फाइल पाठवली आणि पिठलं टाकलं.

संध्याकाळी संपादक मुलीचा फोन. माझ्या मुलीच्या वयाची, कामाला चोख.

'ताई, मस्त झालंय. पण वळण नको ना. मुलांना घाटातलं वळण वाटेल.'

'वाटू दे की. तेच आहे.'

'वरून मान्य होणार नाही हो. आपण संस्कृती आणि नागरी संस्कृती करू या?'

'नागरी संस्कृती' हा शब्द काही वाईट नाही. पुस्तकांत रुळलेला आहे. मी बरं म्हटलं. दहा दिवसांतले चार मी आधीच घालवले होते आणि वाद घालायचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

'आणि ताई, तक्त्यात सहाव्याचं उत्तर राहिलंय. विहीर.'

'राहिलं नाही. दोन्ही रकान्यांत लिहा.'

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, विचारून सांगते.

परवा छापील प्रत आली. कागद चांगला आहे. तक्त्यात पाचच शब्द आहेत.